यंत्राभोवतीची माणसं: कार्यालय, संग्रहालय आणि तंत्रज्ञान यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संग्रहालयांचे अभिरक्षक, सरकारी आणि खाजगी कार्यालयांत बसणारी मंडळी, दवाखाना चालवणारे डॉक्टर, शाळेची सहल घेऊन दालनात येणारे शिक्षक यांच्याकडून गेली काही वर्षं मला साधारण हेच प्रश्न येत आहेत. प्रत्येकाला वेगळं उत्तर पाठवण्याऐवजी ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न ओळखीचे आहेत, पुढचे अडचणीचे. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. हा विषय नेमका काय आहे? कॉम्प्युटर चालवायला शिकवतात तसं काही का?

नाही. समोर एखादी वस्तू असते: स्क्रीन, फोन, नोंदवही, काचेच्या पेटीतली मूर्ती. तिच्याभोवती दोन-चार माणसं असतात. ही माणसं एकमेकांचा अंदाज घेत कशी वागतात, कधी बोलतात, कधी थांबतात, कोण कुणाला जागा करून देतो, हे बारकाईने बघायचं, एवढाच हा विषय.

बँकेच्या काउंटरवर तुम्ही उभे आहात. समोरच्या बाई टाइप करताहेत. तुम्हाला पासबुकाबद्दल विचारायचं आहे, पण तुम्ही थांबता. त्यांची बोटं कीबोर्डवरून जरा उचलली जातात आणि त्याच क्षणी तुम्ही बोलता. हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही, आणि घरी येऊन सांगायला गेलात तर सांगताही येणार नाही. पण तो क्षण चुकला की काउंटरवरचं काम अडतं. अशा क्षणांवरच या अभ्यासाचं सगळं लक्ष असतं.

२. याची सुरुवात कुठे झाली?

दोन-तीन ठिकाणी, साधारण एकाच काळात. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात लूसी सचमन या मानववंशशास्त्रज्ञ काम करत होत्या. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दोन-दोन माणसांना एका नव्या फोटोकॉपी यंत्रासमोर उभं केलं आणि चित्रीकरण केलं. एकट्या माणसाच्या मनात काय चाललंय ते दिसत नाही. दोघं असले की ती आपसात बोलतात आणि गोंधळ उघडा पडतो. यंत्रात मदतीच्या सूचना भरलेल्या होत्या, पण कुठलं बटण दाबलं, कुठलं झाकण उघडलं, एवढंच त्याला कळत होतं. माणसं आपसात काय बोलतात, कशावर अडलीत, ते कळत नव्हतं. त्यामुळे ती बिचारी एका कामात आणि यंत्र भलत्याच कामाच्या सूचना देतंय, असं वारंवार झालं. सचमन यांचं यावरचं पुस्तक १९८७ साली आलं.

याच सुमारास, १९८४ साली, आयरीन ग्राइफ आणि पॉल कॅशमन या संशोधकांनी 'कॉम्प्युटरच्या आधाराने होणारं सहकार्याचं काम' या अर्थाचं नाव या क्षेत्राला दिलं. त्याची पहिली परिषद १९८६ साली टेक्ससमधल्या ऑस्टिनला भरली. पुढे इंग्लंडमध्ये ख्रिश्चन हीथ, पॉल लफ, जॉन हिंडमार्श, डर्क फॉम लेन अशा समाजशास्त्रज्ञांनी रेल्वेची नियंत्रण कक्षं, दवाखाने आणि संग्रहालयं यांत हेच काम केलं. खालची बरीच उदाहरणं तिथली आहेत.

३. लंडनच्या भुयारी रेल्वेचं उदाहरण सगळे देतात. तिथे असं काय दिसलं?

बेकर स्ट्रीट इथे बेकरलू या मार्गाचा नियंत्रण कक्ष होता. हीथ आणि लफ यांनी तिथे चित्रीकरण केलं आणि १९९२ साली त्यावर लिहिलं. समोर भिंतीवर मार्गाचा लांबलचक नकाशा, त्यावर गाड्या दाखवणारे दिवे. नियंत्रक गाड्यांचं वेळापत्रक सांभाळतो, मोटरमनशी बोलतो. शेजारी बसलेला माहिती सहायक फलाटावरच्या प्रवाशांना घोषणा देतो. कागदावर दोघांची कामं वेगळी.

प्रत्यक्षात काय होतं? नियंत्रक फोन उचलून एका मोटरमनला गाडी थांबवायला सांगू लागतो. सहायकाच्या कानावर फोनची एकच बाजू येते. तो नियंत्रकाकडे बघतही नाही. त्याची नजर भिंतीवरच्या नकाशाकडे जाते, हात फलाटाचं चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या बटणाकडे जातो, आणि फोन ठेवला जातो न जातो तोच प्रवाशांना उशिराची घोषणा सुरू होते. त्याला कुणी काही सांगितलेलं नाही.

याची दुसरी बाजू मला जास्त मोलाची वाटते. नियंत्रक बिघडलेलं वेळापत्रक नव्याने बसवताना स्वतःशी पुटपुटावं तसं गाड्यांचे नंबर मोठ्याने म्हणत जातो. ते कुणाला उद्देशून नसतं, म्हणून कुणाला हातातलं काम टाकून उत्तर द्यावं लागत नाही. पण कक्षातल्या सगळ्यांना कळतं, आता काय चाललंय आणि पुढे काय येणार. ऐकणारा कान देतो, आणि करणारा आपलं काम इतरांना ऐकू जाईल, दिसेल अशा रीतीने करतो. यात दोघांचंही कौशल्य आहे, आणि नव्या माणसाला ते शिकायला वेळ लागतो.

मी याला मराठीत 'शेजारचं भान' म्हणते. पुढे हाच शब्द वापरला आहे.

४. पण हे सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये आणलं तर असं कान देऊन बसावं लागणार नाही. ते बरं नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, बहुतेक वेळा खरेदीचा प्रस्ताव तयार झाल्यावर. याचं उत्तर लंडनच्याच रुग्णवाहिका सेवेने फार महागात दिलं आहे.

तिथे रोज दोन हजारांहून जास्त कॉल यायचे. कॉल घेणारा कागदाच्या फॉर्मवर तपशील लिहायचा. तो फॉर्म सरकत्या पट्ट्यावरून पुढे जायचा, मग विभागवार माणसं गाडी ठरवायची. ही पद्धत संथ होती, कागद गहाळ व्हायचे, दुबार कॉल ओळखणं एखाद्याच्या आठवणीवर अवलंबून असायचं. या सगळ्या तक्रारी खऱ्या होत्या. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी पूर्ण संगणकीय व्यवस्था सुरू झाली. गाड्या कुठे आहेत याची माहिती अचूक येईना, चुकीच्या गाड्या पाठवल्या जाऊ लागल्या, वाट पाहणारे लोक पुन्हा पुन्हा फोन करू लागले, त्या फोनांनी व्यवस्था आणखी तुंबली. दुसऱ्याच दिवशी निम्मं काम हाताने करण्याच्या पद्धतीवर परत यावं लागलं. ४ नोव्हेंबरला तीही व्यवस्था बंद पडली आणि कागद पुन्हा बाहेर आले.

चौकशी झाली, १९९३च्या फेब्रुवारीत अहवाल आला. त्यात सॉफ्टवेअरचे दोष आहेत, अपुरी चाचणी आहे, घाई आहे. पण एक मुद्दा लोक वाचतात आणि विसरतात. त्याच दिवशी कक्षातली बसण्याची जागा बदलली होती. माणसं नव्या ठिकाणी, हाताशी कागद नसताना बसली होती, आणि आजवर ज्या सहकाऱ्यांबरोबर मिळून अडचणी सोडवल्या, ते शेजारी नव्हते. यंत्र चुकलं तेव्हा ती चूक शेजारच्या कानावर पडून वेळीच सावरली जाण्याची वाटच उरली नव्हती.

तेव्हा सॉफ्टवेअर जरूर आणा. पण आणण्याआधी दोन दिवस त्या खोलीत बसा आणि कोण कुणाचं काय ऐकून काय करतो ते लिहून काढा. ती यादी निविदेच्या कागदपत्रांत कधीच नसते.

५. म्हणजे सगळ्यांना एका मोठ्या हॉलमध्ये शेजारी शेजारी बसवावं, भिंती काढाव्यात?

तसंही नाही. २०१८ साली ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन या संशोधकांनी दोन मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या मुख्यालयांत मोजमाप केलं. बंदिस्त जागांतून उघड्या हॉलमध्ये गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ई-मेल वाढले. सगळे सगळ्यांना दिसायला लागल्यावर माणसं हेडफोन लावून स्वतःभोवती भिंत उभी करतात.

बेकर स्ट्रीटला (प्रश्न ३) चार माणसं एकाच मार्गाच्या, एकाच क्षणाच्या कामात गुंतलेली होती. शेजाऱ्याचं बोलणं त्यांच्या कामाचं होतं. तुमच्या हॉलमध्ये वसुली, जाहिरात आणि हिशेब हे विभाग एकत्र बसवले तर शेजाऱ्याचं बोलणं हा नुसता गोंगाट आहे.

६. डॉक्टर माझ्याकडे न बघता कॉम्प्युटरकडेच बघतात. हे तंत्रज्ञानामुळे बिघडलं का?

थोडं तंत्रज्ञानामुळे, थोडं मांडणीमुळे. ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या टेबलावर कॉम्प्युटर आले तेव्हा तपासणीच्या वेळचं चित्रीकरण करून हेच बघितलं गेलं. रुग्ण डॉक्टरांच्या टाइप करण्याच्या लयीवर आपलं बोलणं बसवतात, असं त्यात दिसलं. बोटं चालू असली की ते थांबतात, टाइप करणं संपत आल्याची चाहूल लागली की बोलतात. कित्येकदा रुग्ण महत्त्वाचं काही सांगायला तोंड उघडतो आणि पुन्हा कळा वाजू लागल्यावर ते तसंच राहून जातं.

आपल्याकडचा केसपेपर आठवून बघा. तो टेबलावर दोघांच्या मध्ये असतो. डॉक्टर लिहितात ते रुग्णाला दिसतं, अक्षर लागलं नाही तरी किती ओळी झाल्या ते दिसतं. नजर कागदावरून रुग्णाच्या चेहऱ्यावर आणि परत कागदावर सहज जाते. स्क्रीन मात्र पाठ फिरवून बसलेला असतो. मला भेटलेल्या एका डॉक्टरांनी फक्त स्क्रीन टेबलाच्या कडेला, दोघांना दिसेल असा वळवला. रुग्ण आता बोट दाखवून "ते मागच्या वेळचं होतं" असं सांगतात. या बदलाला एक पैसाही लागला नाही.

७. आमच्या कार्यालयात ई-ऑफिस आलं, तरी लोक कागदावर टिप्पणी काढतात, शेजारी वही ठेवतात. हा बदलाला विरोध समजायचा का?

मी समजणार नाही, निदान आधी बघितल्याशिवाय नाही.

कागदाचे काही गुण डोळ्यांना इतके सरावलेले असतात की ते गुण वाटतच नाहीत. फाइल कार्यासनावर कुठल्या ढिगात आहे, वर की तळाशी, लाल फीत बांधलेली की सुटी, एवढ्यावरून खोलीत शिरणाऱ्याला कामाची स्थिती कळते. विमान वाहतूक नियंत्रणात प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असायची. नियंत्रक एखादी पट्टी ओळीतून जराशी तिरकी बाहेर ओढून ठेवायचा: इकडे लक्ष असू द्या. शेजारच्याला तेवढं पुरायचं. ई-फाइलमध्ये ही तिरकी पट्टी कुठे आहे? लाल खूण असेल, पण ती ज्याच्या लॉगिनला आहे त्यालाच दिसते.

दुसरी गोष्ट नोंदींची. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॅरल्ड गार्फिंकल यांनी १९६७ साली एका मनोविकार बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदींबद्दल लिहिलं. त्या नोंदी अपुऱ्या होत्या, पण तशा असण्यामागे कामातलीच रास्त कारणं होती. त्या नोंदी पुढे वाचणाऱ्या जाणत्या सहकाऱ्यासाठी होत्या, हिशेब तपासणाऱ्या परक्या माणसासाठी नव्हत्या. 'चर्चा करावी' एवढ्या दोन शब्दांत साहेबांना काय म्हणायचंय ते कार्यासन अधिकाऱ्याला नेमकं कळतं. फॉर्ममधले वीस रकाने भरूनही ते कळेलच असं नाही.

८. व्हिडिओ मीटिंगमध्ये कधी सगळे एकदम बोलतात, कधी कुणीच बोलत नाही. असं का?

कारण बोलण्याची पाळी फार नाजूक वेळेवर चालते. दहा भाषांची तुलना करणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रश्न संपणं आणि उत्तर सुरू होणं यांत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. आपण समोरच्याचं वाक्य संपण्याची वाट बघत नाही, ते कुठे संपणार हे आधीच हेरतो. आता मध्ये इंटरनेट येतं. आवाज एका बाजूने पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे, पण खेड्यातल्या मोबाइल जोडणीवर याहून उशीर नेहमीचा आहे. तुम्हाला वाटतं समोरचा गप्प आहे, म्हणून तुम्ही सुरू करता. तो तेव्हा बोलायला लागलेलाच असतो. मग दोघंही "बोला बोला" म्हणत थांबतात.

शिवाय नजर हरवते. कॅमेरा स्क्रीनच्या वर, चेहरा स्क्रीनवर. डोळ्यांत बघितलं तर समोरच्याला तुम्ही खाली बघताय असं दिसतं. केंब्रिजमधल्या एका संशोधन केंद्रात १९८०च्या दशकाच्या शेवटी खोल्या-खोल्यांत कायम चालू असलेले कॅमेरे आणि पडदे होते. तिथे दिसलं की प्रत्यक्षात ज्या हातवाऱ्याने समोरचा लगेच वळला असता, तोच हातवारा पडद्यावर निष्फळ ठरतो. माणसं मग हातवारे मोठे करत जातात, तरी उपयोग नाही.

उपाय साधा. मीटिंग चालवणाऱ्याने नाव घेऊन पाळी द्यावी. आपल्याकडे वरिष्ठ बोलत असताना मध्ये बोलणं उद्धटपणाचं मानतात, त्यामुळे नाव न घेतल्यास कनिष्ठ सहकारी तासभर गप्प राहतात.

९. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निळ्या टिका दिसतात, तरी काम होत नाही. बघूनही न बघितल्यासारखं का करतात?

व्हॉट्सॲपवर निळ्या टिका २०१४ साली आल्या. वैयक्तिक संभाषणात त्या बंद करता येतात, ग्रुपमध्ये येत नाहीत. त्यांच्यामुळे शेजारच्या भानाचा अर्धाच भाग मिळतो. 'बघितलं' कळतं, 'हातात घेतलं' कळत नाही. नियंत्रण कक्षात (प्रश्न ३) सहायकाने ऐकलं हे नियंत्रकाला कळायचं ते त्याच्या हातांची हालचाल दिसल्यामुळे. ग्रुपवर पन्नास जण वाचतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने घेतलं असेल.

ज्या ग्रुपांवर हे सुरळीत चालतं, तिथे एक शिस्त दिसते. काम घेणारा शब्दांत सांगतो: "मी बघते, चारपर्यंत." अंगठा दाखवणं त्यात धरत नाहीत. आणि शुभ सकाळचे निरोप वेगळ्या ग्रुपवर जातात, हेही तितकंच गरजेचं.

१०. नवीन ॲप घेतलं, प्रशिक्षण दिलं, तरी कुणी माहिती भरत नाही. आळस?

जोनथन ग्रुडिन या संगणक संशोधकांनी १९८८ सालीच याचं उत्तर दिलं. माहिती भरण्याचे कष्ट एकाचे आणि फायदा दुसऱ्याचा, असं असेल तर व्यवस्था पडते. त्यांचं उदाहरण सामायिक कॅलेंडरचं होतं. सगळ्यांनी आपापल्या वेळा नोंदवायच्या, आणि सोय होणार बैठक बोलावणाऱ्याची. भरणाऱ्याला त्याच दिवशी, त्याच पडद्यावर काय परत मिळतं, हे आधी तपासा. काही मिळत नसेल तर प्रशिक्षणाने फरक पडणार नाही.

११. कार्यालयाचं समजलं. यात संग्रहालय कुठून आलं?

संग्रहालयातही माणसं वस्तूंभोवती जमतात आणि शेजारच्या भानावरच वावरतात. फरक एवढाच की इथे कुणाला नेमून दिलेलं काम नसतं, आणि बरीच माणसं एकमेकांना अनोळखी असतात.

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात किंवा भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात अर्धा तास एका पेटीजवळ उभं राहा. एक कुटुंब येतं. आई फलक वाचते आणि त्यातली एकच ओळ मुलाला सांगते, तीही त्याच्या भाषेत बदलून. मुलगा काचेवर बोट ठेवतो. मागून येणारं परकं जोडपं त्या बोटाच्या दिशेने बघतं, कुटुंब सरकण्याची वाट बघतं आणि मग नेमकं तिथेच वाकून बघतं. त्या जोडप्याला काय बघायचं ते फलकाने सांगितलं नाही, त्या मुलाच्या बोटाने सांगितलं. लंडनच्या संग्रहालयांत केलेल्या चित्रीकरणांत हेच दिसलं: काय बघावं, किती वेळ बघावं, बघून चेहरा कसा करावा, हे माणसं एकमेकांच्या संगतीने ठरवतात.

१२. आम्ही टचस्क्रीन बसवला. मुलं गर्दी करतात, पण पालक कंटाळून पुढे जातात. कुठे चुकलं?

बहुधा स्क्रीनच्या आकारात आणि जागेत. बहुतेक टचस्क्रीन एका माणसासाठी बनवलेले असतात. एक जण समोर उभा राहतो, त्याच्या पाठीने तो झाकला जातो, मागच्यांना काही दिसत नाही. मग पुढचा मोठ्याने वाचून दाखवतो, किंवा मागचे निघून जातात.

ही चूक मी स्वतः जवळून बघितली आहे. एका संग्रहालयाच्या टचस्क्रीन टेबलाचा मजकूर मी लिहिला होता. टेबल मोठं होतं, चारी बाजूंनी उभं राहता येत होतं, म्हणून आम्ही सगळे खूश होतो. पहिल्याच दिवशी शाळेची सहल आली. एका वेळी एकच बोट ओळखलं जात होतं. चार मुलांनी चारी बाजूंनी हात लावले, टेबल गोंधळलं, आणि सगळ्यांत दांडगा मुलगा बाकीच्यांचे हात बाजूला करू लागला. एक मुलगी कोपऱ्यात हात मागे बांधून उभी राहिली ती शेवटपर्यंत. तिचा चेहरा मला अजून दिसतो. मजकुरावर मी तीन आठवडे घालवले होते आणि किती बोटं चालतात हे एकदाही विचारलं नव्हतं.

याच्या उलट उदाहरण जेसन क्लेव्हर्ली या कलाकाराच्या रंगवलेल्या एका कलाकृतीचं आहे. लंडनमधल्या एका हस्तकला मेळ्यात ती मांडली होती आणि समाजशास्त्रज्ञांनी त्याच्यासोबत बसून तिचा अभ्यास केला. चित्रासोबतच्या आरशात बघितलं की बघणाऱ्याचा चेहरा आतल्या छुप्या कॅमेऱ्यातून चित्रात उमटायचा. आरशात बघणाऱ्याला तो नीट दिसत नसे, चित्रासमोरच्या सोबत्याला दिसे. मग सोबती हसायचा, आणि आरशापाशी असलेला "काय झालं?" म्हणून यायचा. एकट्याला अपुरं पडेल आणि दुसऱ्याला हाक मारावी लागेल, अशीच ती घडवली होती.

विज्ञान उद्यानांतल्या कुजबुजणाऱ्या थाळ्यांचंही तेच. लांब अंतरावर दोन मोठ्या खोलगट थाळ्या. एकाने एका थाळीत हळूच बोलायचं, दुसऱ्याने दुसऱ्या थाळीशी कान लावायचा. एकटा माणूस काहीच करू शकत नाही. तिथे वीज नाही, स्क्रीन नाही, आणि रांग मात्र कायम असते.

१३. ऑडिओ गाइड घ्यावा का, की क्यूआर कोड पुरेत?

माझं मत स्पष्ट आहे: कुटुंबांसाठी कानात घालायचं काहीही जपून वापरा. हेडफोन घातलेली दोन माणसं एकत्र येतात आणि वेगवेगळी फिरतात.

गंमत अशी की पहिला ऑडिओ गाइड याच्या उलट होता. १९५२ साली ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात छोट्या रेडिओवर माहिती प्रसारित केली जायची. सगळ्यांना एकाच वेळी एकच वाक्य ऐकू यायचं, त्यामुळे सगळा गट मिळूनच एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे वळायचा. त्यात स्वतःच्या गतीने बघता येत नव्हतं, पण सोबत टिकत होती.

मधला मार्ग पालो आल्टोच्या संशोधकांनी २००० सालानंतर कॅलिफोर्नियातल्या फिलोली या जुन्या वाड्यात करून बघितला. हातातल्या यंत्रावर आपण आपलं ऐकायचं, आणि हवं तर सोबती काय ऐकतोय तेही चोरून ऐकता यायचं. जोडीदारांनी ते भरपूर वापरलं, आणि ऐकलेल्यावर गप्पा मारत एकत्र फिरले. प्रश्न ३ मधला माहिती सहायक जे कानाने करत होता, तेच हे.

क्यूआर कोडबद्दल एवढंच: एकाच्या फोनवर उघडून सगळ्यांनी ऐकलं तर छान. म्हणून मजकूर मोठ्याने वाचता येईल असा, चार-पाच ओळींचा ठेवा.

१४. कोण किती वेळ थांबलं हे मोजलं की दालन यशस्वी की नाही ते कळेल ना?

अंशतः. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात केलेली मोजणी २००१ साली प्रसिद्ध झाली. एका चित्रासमोरचा वेळ सरासरी २७.२ सेकंद, मध्यक १७ सेकंद, म्हणजे निम्मे लोक त्याहूनही कमी थांबले. हे आकडे वाचून अनेक जण निराश होतात. मला त्यात निराश होण्यासारखं दिसत नाही. सतरा सेकंदांत दोन बहिणी एका चित्रावरून घरातल्या कुणाचीतरी आठवण काढून हसू शकतात. आणि टचस्क्रीनसमोरची पाच मिनिटं 'मागे जा' हे बटण शोधण्यात गेलेली असू शकतात. घड्याळ या दोन गोष्टींत फरक करत नाही.

१५. आमच्याकडे पैसे नाहीत, संशोधक नाहीत. आम्ही स्वतः असा अभ्यास कसा करायचा?

वही घेऊन एकाच वस्तूजवळ एक तास बसा. सगळं दालन बघायला जाऊ नका. कोण कुणाबरोबर आलं, आधी कोण थांबलं, सोबत्याला कसं बोलावलं, काय म्हणून निघाले, एवढंच लिहा. तीन दिवस, वेगवेगळ्या वेळी.

चित्रीकरण करणार असाल तर कॅमेरा तिवईवर एका जागी ठेवा आणि स्वतः तिथून दूर जा. चौकट रुंद ठेवा, म्हणजे येणारा माणूस कुठून बघत आला ते दिसतं. दालनात घुमणाऱ्या आवाजात शब्द लागत नाहीत, त्यामुळे आवाजासाठी वेगळा छोटा मायक्रोफोन वस्तूजवळ हवा. मग तासभराच्या चित्रीकरणातला वीस-तीस सेकंदांचा एक तुकडा निवडा आणि चार जणांनी मिळून तो पुन्हा पुन्हा बघा. पहारेकऱ्यालाही बसवा. त्याने वर्षानुवर्षं ते दालन बघितलेलं असतं आणि सहसा त्याला कुणी विचारत नाही.

१६. कॅमेरा आहे म्हटल्यावर लोक वेगळे वागणार नाहीत का?

सुरुवातीला थोडे. पण कामात किंवा मुलाबाळांत गुंतलेला माणूस फार वेळ कॅमेऱ्यासाठी वागू शकत नाही. शिवाय हे तपासता येतं: कोण कॅमेऱ्याकडे बघतं, कधी बघतं, ते चित्रीकरणातच दिसतं. तसे तुकडे बाजूला ठेवा.

१७. परवानगीचं काय? आणि शाळेची मुलं असतील तर?

प्रवेशद्वारावर आणि वस्तूजवळही मोठ्या अक्षरांत, मराठीत, फलक लावा: चित्रीकरण चालू आहे, कशासाठी, कुणाकडे राहील, नको असेल तर कुणाला सांगायचं. कुणी नको म्हटलं तर तो तुकडा पुसा. भारताचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला. त्यात १८ वर्षांखालच्या व्यक्तीला बालक मानलं आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. शाळेच्या सहलीचं चित्रीकरण करायचं असेल तर शाळेकडून आठवडाभर आधी पालकांची पत्रं मागवा. गेटवर शिक्षकांची सही घेऊन भागवू नका. कार्यालयात आणखी एक दक्षता हवी: हे चित्रीकरण कधीही कामगिरीच्या मूल्यमापनासाठी वापरलं जाणार नाही, असं वरिष्ठांकडून लेखी घ्या. तसं लेखी मिळत नसेल तर मी काम घेत नाही.

१८. तुम्ही सगळीकडे नजर, बोट दाखवणं, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणं यावर भर देता. दृष्टिहीन प्रेक्षकाला हे कसं लागू होणार?

हा प्रश्न एका दृष्टिहीन शिक्षकाने विचारला, आणि त्यानंतर मी स्पर्शाच्या प्रतिकृतींजवळ मुद्दाम बसू लागले. दोन मित्र आले, एक डोळस, एक दृष्टिहीन. डोळस मित्राने सवयीने "हे बघ, इथे" म्हटलं आणि स्वतःच थांबला. मग त्याने प्रतिकृतीवर नखाने टिचकी मारली. मित्राचा हात त्या आवाजाकडे गेला. पुढे तो मित्राचा हात धरून नेत नव्हता. आपला हात प्रतिकृतीवर ठेवत होता आणि मित्र त्याच्या मनगटावरून बोटांपर्यंत येऊन पुढे स्वतः चाचपत होता. मूर्तीच्या पायाशी काहीतरी बारीक कोरलेलं होतं. डोळस मित्राच्या ते नजरेतून सुटलं होतं, दृष्टिहीन मित्राला सापडलं, आणि आता टिचकी मारण्याची पाळी त्याची होती.

शेजारचं भान इथेही होतं, फक्त कानातून आणि हातातून. अडचण मांडणीची होती. प्रतिकृती भिंतीला चिकटून ठेवलेली होती, त्यामुळे एका वेळी एकालाच नीट पोचता येत होतं आणि दुसऱ्याला तिरकं व्हावं लागत होतं. तुम्ही अशी प्रतिकृती बसवणार असाल तर ती भिंतीपासून निदान एक माणूस मागून जाईल एवढी पुढे घ्या, उंची टेबलाएवढी ठेवा, आणि दोघांचे चार हात एकाच वेळी तिच्यावर मावतील याची खात्री करा. टिचकीचा आवाज येईल असं कठीण साहित्य वापरा. मऊ रबरावर तो येत नाही.